साहेब झालेला चिमणा

माझ्या मावशीचं केस कापायचं दुकान आहे. जागा आरशापुरतीच, पण तिथे बसणाऱ्या प्रत्येकाची कुंडली तिला पाठ. केस रंगवायला येणारे बहुतेक नोकरीच्या काळजीने आलेले असतात, असं ती म्हणते. मावशी रंग लावते आणि वर टोमणाही मारते, की आता तरुण दिसाल तर ओझीही तरुणाची उचलावी लागतील.

मी चिमण्यांवर संशोधन करते. नर चिमण्याच्या गळ्याखाली लाळेरं बांधल्यासारखा काळा डाग असतो. ज्याचा डाग मोठा त्याचा दरारा मोठा. तो दाण्यांवर आला की बाकीचे मुकाट्याने सरकतात. लहान डागवाल्याला खोटा मोठा डाग दिला तर त्याला पोटभर मिळेल का, एवढंच मला पाहायचं होतं. पिसांना अपाय न करता टिकेल असा रंग कुठला, हे मावशीखेरीज कुणाला विचारणार? ती दुकान बंद करून आली, स्वतः रंग कालवला आणि माझ्या मुठीतल्या लहान डागाच्या चिमण्याला बारीक कुंचल्याने रंगवलं.

"झालास साहेब," ती म्हणाली. तेच नाव पडलं.

साहेबीचे चटके लगेच बसले. खरे मोठे डागवाले त्याला बघून सरकले नाहीत, उलट अंगावर धावून आले. ते एकमेकांची ताकद अजमावून बघतात आणि हा तर काडीपैलवान. पूर्वी त्याला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं, म्हणून कडेकडेने उरलंसुरलं टिपता यायचं. आता तेही बंद झालं. थंडी कडाक्याची पडली होती, आणि अशा थंडीत उपाशी पाखरू फार दिवस काढत नाही.

हे कळल्यावर मावशीची अन्नावरची वासनाच उडाली.

"माझ्या हाताने रंगवलाय मी त्याला. मेला तर ते पाप माझंच," ती म्हणाली.

त्याचा रंग काढून टाकू का, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं. प्रयोगातला एक पक्षी कमी झाला तर होऊ दे, म्हणाले. पण धरून आणला तरी रंग काही निघेना, आणि जुनी पिसं गळायला अजून कित्येक महिने होते. तेव्हा मावशीने भुवया कोरायची कात्री काढली. रंग पिसांच्या टोकांनाच धरला होता. श्वास रोखून तिने एकेक टोक छाटलं आणि खालचा राखाडी रंग मोकळा केला. एवढं लहान गिऱ्हाईक आपल्याकडे कधी बसलं नव्हतं, असं पुटपुटत होती, पण डोळे भरून आले होते.

मग त्याला सोडून दिल्यावर रोज सकाळी तिचा फोन यायचा, दाण्यांवर आलं का पाखरू. साहेब येत होता. सगळ्यांच्या मागून, कडेने. थंडी सरली तेव्हा मोठ्या डागवाल्यांतले दोन भांडखोर दिसेनासे झाले होते आणि आमचा हा, ओळखीसाठी पायात घातलेल्या पिवळ्या कड्यासकट, दाणे टिपत होता. डाग मोठा म्हणजे आयुष्यही मोठं, असं सरळ गणित नसतं.

मी दुकानात जाऊन सांगितलं. मावशीने ड्रायर बंद केला आणि गिऱ्हाइकाला तसंच ठेवून स्टुलावर बसली. तिचे आभार कसे मानावेत ते मला सुचत नव्हतं. तिच्यामुळे एक जीव वाचला होता आणि माझी झोपही. पण टॉवेलने डोळे पुसत तीच म्हणाली, "जगला. फार उपकार झाले गं त्याचे माझ्यावर."