अर्ध्यावरचा काटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. अजूनही कुठल्या गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसला, की माझा हात थांबतो. का थांबतो—हे कुणी विचारत नाही, म्हणून बरं.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. एका वकीलसाहेबांकडं त्यांच्या वडिलांच्या वेळची विलायती गाडी होती. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट गंजलेला, त्यामुळं काटा हलेना. मी दुसरा फ्लोट जुळवून बसवला, डॅशबोर्डापर्यंत नवी वायर ओढली. राहिली अर्थिंगची वायर. ती बॉडीला जोडताना खालचा रंग खरवडायचा असतो, नाहीतर काटा खोटं दाखवतो. मला हे माहीत नव्हतं का? होतं. मी रंगावरच स्क्रू पिळला. कंटाळा—दुसरं काय?

थोड्याच दिवसांत शाहूवाडीकडच्या शेतावर साहेबांच्या पत्नीच्या छातीत कळ आली. ड्रायव्हर दत्तूमामा दोघांना घेऊन कोल्हापूरला निघाले. बांबवड्याच्या पुढं गाडी बंद पडली. टाकी कोरडी. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाई गेल्या—साहेबांच्या मांडीवर.

तेरावं झाल्यावर साहेब गाडी घेऊन आले. मागं दत्तूमामा.

"काटा अर्ध्यावर हुता, सायेब. आईशप्पत."

साहेब मला म्हणाले, "तू बघून सांग."

मी डिकी उघडली. अर्थिंगचा स्क्रू बोटानं हलत होता. आणि मी—मी गुपचूप रंग खरवडला, स्क्रू घट्ट केला. काटा खरं दाखवायला लागला. मग बाहेर येऊन म्हणालो, "काट्यात काय दोष न्हाय, सायेब. ह्यांनी बघितलंच नसंल."

मामा माझ्याकडं बघत राहिले. रागानं? नाही. गोंधळून. साहेबांनी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली.

बऱ्याच वर्षांनी दत्तूमामा कबनूरला भेटले. मागाच्या कारखान्यात सुताच्या गोण्या वाहत होते. त्यांनीच हाक मारली, चहा पाजला.

"मला अर्ध्यावरच दिसला हुता रं," ते आपणहून म्हणाले. "पर तू तपासलास, म्हंजे माझंच डोळं फसलं. बाईंना मीच मारलं. तवापासनं स्टेरिंगला हात लावला न्हाय."

आता तरी सांगावं—तोंड उघडलंही. आणि काय बोललो?

"एकदा डोळं तपासून घ्या, मामा."

"व्हय," ते म्हणाले, "बगतो की."

ते वारल्याचं कळलं, तेव्हाही मी गेलो नाही.