बोबडी वळते तेव्हा

कळस गावाजवळच्या वस्तीवरची ती घटना पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझी पाठ सोडत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात एक तरुण बुडून मेला होता. मुठीत त्याच्या जिवलग मित्राचा शर्ट होता, आणि मित्र बेपत्ता. दोघे लोणी देवकरला एकाच कंपनीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या मोटारीचा पाइप साफ करायला तळ्यावर गेले होते.

शेजारी खुरपणाऱ्या बायकांनी मित्राला उघड्या अंगाने पळताना पाहिले होते. "आमी हाका मारल्या, पर थांबला न्हाय," एक जण म्हणाली. गावाने निकाल लावून टाकला, यानेच ढकलले.

दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला, तो उसात दडून बसलाय. त्याला ठाण्यात आणले. चहा दिला, दटावले, समजावले. तो नुसते ओठ हलवायचा.

"साहेब, नाटकी हाय," हवालदार वैतागला.

नाटकी माणसे मी पुष्कळ पाहिली. ती मधूनच आपल्याकडे चोरून बघतात. हा कुणाकडेच बघत नव्हता.

मी जप्त केलेला शर्ट मागवला. एक बाही खांद्यातून उसवून लोंबत होती, पण बटणे सगळी जागच्या जागी आणि नीट सोडलेली. मारामारीत बटणे तुटतात, कुणी सोडत बसत नाही. मी शर्ट त्याच्यापुढे ठेवला. "हा काढून त्याच्याकडे टाकलास आणि ओढत होतास ना त्याला?"

तो ढसाढसा रडू लागला. "प्लास्टिकवर त्येचा पाय ठरंना. बाही उसवली, साहेब. बायकांकडं पळालो. सांगावं म्हनलं तर आवाजच फुटंना. पाय बी थांबंनात."

एक शब्द कानी पडता तर त्या बायका धावल्या असत्या. या विचाराने मला आजही कासावीस व्हायला होते.

शवविच्छेदनात झटापटीची खूण निघाली नाही. अकस्मात मृत्यूची नोंद करून त्याला सोडले. बाहेर मृताचे वडील बसले होते. याने त्यांचे पाय धरले. "आबा, मला हाक मारता आली न्हाय."

म्हातारा म्हणाला, "माझ्या पोरानं तरी मारली का रं?"

"न्हाय आबा. नुसता माझ्याकडं बघत हुता."

आबांनी त्याला उठवून जवळ घेतले. हवालदाराने तोंड फिरवले.

पुढे नोकरीत कुणी नुसता पळाला म्हणून मी त्याला गुन्हेगार धरले नाही. आणि कुणाची बोबडी वळली म्हणून ठाण्यात कुणाला हसू दिले नाही.