साठ लाख प्रती आणि सहा केस

ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार, सकाळी सव्वानऊ. आकडा: एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या साठ लाख प्रती. हजर: पलंगावर माझी बायको मीनल, शेजारी मी, मुलगी ईशा आणि संसर्गरोगांचे डॉक्टर. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "ह्यूमन हर्पीसव्हायरस सिक्स. मेंदूला सूज आहे. औषध आजच सुरू करू."

हा विषाणू माणसाला सापडला तो तसा अलीकडे, गेल्या शतकाच्या अखेरीस. बहुतेकांना तो बाळपणीच होऊन जातो: तीन दिवस ताप, मग पुरळ. पुढे तो जन्मभर शरीरात निजून असतो. क्वचित जागा होऊन मेंदूवर जातो.

मीनलला शुक्रवारपासून ताप होता. रविवारी तिने चपला फ्रीजमध्ये ठेवल्या, तेव्हा इमर्जन्सीत नेलं. सहा तास बसवून ठेवलं. स्पायनल टॅप केला, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. त्यातही हाच विषाणू निघाला.

बुधवारी ताप उतरला आणि मीनल ताळ्यावर आली. औषधाचे जेमतेम दोन डोस झाले होते. दर चार तासांनी नर्स येऊन जन्मतारीख विचारायची आणि दहापैकी किती दुखतंय तेही. मीनल मला म्हणाली, "तिला सांग, ती यायच्या आधी शून्य होतं."

बाई ठणठणीत झाली, पण आकडा ठणठणीत होईना. औषध गॅनसायक्लोव्हिर. ते विषाणूला मारतं, पण पांढऱ्या पेशीही कमी करतं. सहाव्या दिवशी विषाणू एकोणतीस लाखांवर आला. डॉक्टर खूश. पांढऱ्या पेशींबद्दल विचारलं, तर "ते रक्ताचे डॉक्टर बघतील." रक्ताचे डॉक्टर म्हणाले, "औषध संसर्गवाल्यांचं आहे."

नवव्या दिवशी विषाणू एकवीस लाखांवर अडला. डॉक्टरांनी दुसरं औषध काढलं. ते किडनीला जड असतं आणि मधुमेहामुळे मीनलच्या किडनीचा आकडा आधीच काठावर होता. "उद्या सकाळी सुरू करू," म्हणून ते गेले.

माझी नोकरी चँडलरमधल्या चिपच्या कारखान्यात, मोजमापाची. इथे परदेशात येऊन बावीस वर्षं झाली, तरी मोठा आकडा लाखात मांडल्याशिवाय मला कळत नाही. ईशा त्यावरून हसते. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी एका पानावर, मायक्रोलिटरमागे, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागामागे, हजारांत. विषाणू दुसऱ्या पानावर, मिलिलिटरमागे. मी वहीत दोन्ही मिलिलिटरमागे लाखात उतरवले. पेशी एकसष्ट, विषाणू साठ. पेशी तीस, विषाणू एकोणतीस. पेशी बावीस, विषाणू एकवीस.

औषधाने विषाणू मरत नव्हताच. पेशी कमी होत होत्या, त्यांच्याबरोबर तो कमी दिसत होता.

सकाळी वही डॉक्टरांपुढे धरली. "हे लाख म्हणजे काय?" ते म्हणाले.

"हंड्रेड थाउजंड," ईशा म्हणाली. "बाबा असेच मोजतात. जस्ट रीड द टू कॉलम्स, प्लीज."

नऊ दिवसांत डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत बसले. बराच वेळ वाचून म्हणाले, "काही थोड्या लोकांना हा विषाणू आईकडून किंवा वडलांकडून जन्मतःच मिळतो. तो गुणसूत्रातच बसलेला असतो. दर पेशीत एक प्रत. त्याचा आजार असतोच असं नाही." मग म्हणाले, "केसाच्या मुळात रक्त नसतं. तिथेही तो सापडला, तर खात्री."

नवं औषध आलं नाही. जुनंही त्याच दुपारी थांबवलं. आठ दिवसांनी केसांचा रिपोर्ट आला: वारशाचाच. ताप कुठल्या तरी दुसऱ्याच विषाणूचा असावा. कुठल्या, ते कोणालाच माहीत नाही.

"माहेरचं सोनं भावाला गेलं," मीनल म्हणाली, "माझ्या वाटणीला हे आलं."

"आणि मला?" ईशाने विचारलं.

"अर्धी शक्यता," मी म्हणालो.

तुमच्या घरी हा आकडा मोठा आला आणि माणूस मात्र सुधारतोय असं दिसलं, तर विषाणू आणि पांढऱ्या पेशी असे दोन्ही आकडे एका मापात शेजारी मांडा आणि हा वारशाचा नाही ना, असं डॉक्टरांना विचारा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आमचे डॉक्टर पुढच्या भेटीत म्हणाले, "हे मीच आधी बघायला हवं होतं." असं म्हणणारा डॉक्टर मिळाला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. नऊ दिवसांचा वैताग अजून गेलेला नाही.

महिन्याने पेशी साठ लाखांवर, विषाणू एकोणसाठवर. तो आकडा वाढलेला पाहून आम्ही पेढे आणले. पुढे कुठल्या डॉक्टरने तो आकडा पाहून पुन्हा औषध सुरू करू नये, म्हणून मीनलच्या ओळखपत्रामागे आता केसांच्या रिपोर्टची घडी असते. खात्रीसाठी शेवटी प्रयोगशाळेला दिलं ते एवढंच: सहा केस, मुळासकट.