ज्योतीराममामाचा बाण

माझा ज्योतीराममामा चाकणच्या एका कंपनीत लाकडी खोक्यांवर बाण मारतो. म्हणजे खोक्यात यंत्र भरलं की वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून काळ्या रंगात बाण उमटवायचा. "गेवराईहून एवढ्या लांब आलो, ते जगाला वर कुठंय हे दाखवायला," असं तो स्वतःच सांगतो आणि लगेच जोडतो, "मी सोडून सगळे गेले वर."

ओव्हरटाइम नसला की मामा मधमाश्या सांभाळतो. पेट्या तीन. त्या ठेवल्यात मोशीला, आबाजींच्या शेताच्या उरल्यासुरल्या तुकड्यात. एका बाजूला वर्कशॉपची भिंत, दुसऱ्या बाजूला शेवगा. आबाजी तिथले मूळचे. जागेचं भाडं घेत नाहीत, पण टोमणे फुकट देतात.

यंदा त्यांच्या नातीचं, योगिनीचं लग्न त्याच तुकड्यात मांडव घालून करायचं ठरलं. आबाजींनी मामाला बोलावून घेतलं.

"मधुपर्काला मध आपल्याच रानातला पायजे. नवरदेवाला इकतचा न्हाई द्यायचा. आन् एक ध्यानात ठेव ज्योतीराम, पाव्हण्याला एक जरी माशी चावली, तर पेट्या उचलायच्या."

"आबा, माशी चावत नसते. डंख मारती."

"मंग डंखासकट उचल."

उचलून ठेवणार कुठे? भोसरीतल्या मामाच्या खोलीत मामीला माठ ठेवायला जागा नाही. पेट्या गेल्या असत्या तर मामाच्या आयुष्यात नुसते बाण उरले असते.

मध काढायचा तर आधी माश्या हलवाव्या लागतात. पेटीला दोन मजले असतात. खाली राणी आणि पिल्लं, वर मध. धुरानं किंवा ब्रशनं झटकून माश्या हाकलता येतात, पण त्या चिडतात, आणि इथे तर शेजारी मांडव. म्हणून मामानं दोन मजल्यांच्या मधे घालायला एक फळी बनवली. तिच्यात जाळीचं नरसाळं बसवलं. माशी रुंद तोंडातून शिरते, निमुळत्या टोकातून खाली उतरते आणि तिला परत वर यायची वाट सापडत नाही. एका रात्रीत वरचा मजला रिकामा.

"म्हणजे नुसती एक्झिट, एंट्रीच नाही," मी म्हणाले. "माझ्या नाटकांसारखं."

"तुझ्या नाटकातनं तर लोकं जातात बाहेर," मामा म्हणाला.

भरलेल्या पेटीत मामानं आदल्या संध्याकाळी फळी सरकवली. हळदीच्या दिवशी सकाळी झाकण उघडायचं होतं आणि मदतीला मी. मी एका बालनाट्यातला अंतराळवीराचा पोशाख घालून गेले. हेल्मेटला पुढे प्लास्टिकची काच, आणि संवाद मागच्या रांगेपर्यंत जावेत म्हणून तोंडासमोर कापलेली फट. त्या फटीचा विचार मी केला नाही. मी तेव्हा एंट्रीच्या विचारात होते.

"ही कोण? गॅसवाली का?" आबाजींनी विचारलं.

"मी स्वरूपा, ज्योतीराममामाची भाची. पाहुणी आहे हो, आबा!" मी खणखणीत सांगितलं. "पाहुणीला खुर्ची नाही? चहा कपबशीत नाही?"

खुर्ची आली. कपबशीही आली. हळद कालवणाऱ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी ते कौतुक समजले.

मग मामानं झाकण उचललं आणि तसाच थांबला. वरचा मजला माश्यांनी गच्च भरला होता. मध दिसतच नव्हता. खालच्याही बऱ्याच माश्या वर येऊन बसल्या होत्या.

"स्वरूपा," तो हळूच म्हणाला, "फळीच्या कडेला मी बाण काढलाय. त्याचं टोक कुठं हाय, बघ बरं."

"वर."

"बोंबललं. तो माश्यांनी जायच्या दिशेचा बाण हाय. खाली पायजे होता."

"मग वर कोणी केला?"

"मीच की. फळी हातात घेतली, बाण दिसला, हात म्हणला, वर." त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "याला कंपनीनं काही शिकवलंच न्हाई दुसरं."

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. फळी उलटी केली तर एक रात्र अजून हातात होती. मी वरचा मजला अलगद उचलून धरायचा आणि मामानं फळी फिरवायची.

"हळू. आणि तोंड बंद."

"मी कुठे बोलतेय?" मी म्हणाले. तेवढ्यात एक माशी फटीतून आत आली.

डंख वरच्या ओठाला. किंकाळी मात्र मागच्या रांगेपर्यंत. मजला मी सोडला नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. मामानं फळी फिरवली, सगळं जागेवर बसवलं आणि नखानं माझा काटा काढला. तोवर आबाजी समोर.

"चावली ना? पाव्हणीला?"

"आबा, ती काय पाव्हणी..." मामाचा चेहरा कागदासारखा झाला.

"मघा खुर्ची मागत व्हती की. तू गप. तिलाच इचारतो. पोरी, तू पाव्हणी का घरची?"

आता मी मोठेपणानं मामाच्या पेट्या वाचवल्या, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. झालं ते वेगळंच. मला खुर्ची हवी होती, बर्फ हवा होता, चार बायकांची कीव हवी होती. मी उत्तर द्यायला गेले. पण 'पाहुणी'तला 'प' दोन्ही ओठ जुळल्याशिवाय निघत नाही. वाणीच्या वर्गात आम्ही महिनाभर हेच घोकलं होतं. माझा वरचा ओठ वडापावाएवढा झाला होता आणि खालच्याला ओळखही देत नव्हता. "हाहुणी" म्हणायची लाज वाटली.

"घरची," मी म्हणाले. शब्द स्पष्ट आला.

"मंग बसलीस का? ऊठ, वाढाय घे."

अंतराळवीराच्या पोशाखात मी हळदीच्या पंगतीला मसालेभात वाढला. कोणी 'पुरे' म्हणालं तरी मला 'बरं' म्हणता येईना, म्हणून वाढतच राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामानं झाकण उचललं. चुकल्यामाकल्या चारदोन माश्या होत्या, बाकी नुसता मध. तो घेऊन मामा मांडवात गेला तेव्हा पेढे वाटायला निघाल्यासारखा दिसत होता. नवरदेवानं मधुपर्क घेतला. पेट्या शेवग्याखाली जिथल्या तिथे राहिल्या.

पंगतीत नवरदेवाच्या मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही वाढतेय ती पाहुणी आहे का कुणी?"

"छ्या!" आबाजी म्हणाले. "पोरगी घरचीच हाय. तोंड तेवढं पाव्हणं आलंय."