हात थांबला की रेघ

शेतातून ओली हळद घरी आली की तिच्या वासानं मला माझी पोरगी आठवते. तिला कथा लिहायला शिकायचं होतं. मी अंगणात गड्डे मोडून हळकुंडं वेगळी करत बसायची आणि ती शेजारी बसून जुन्या दिवाळी अंकांतल्या कथा मोठ्यानं वाचायची. ऐकता ऐकता माझा हात थांबला की ती त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. मग लिहिणाऱ्यानं तिथं नेमकं काय केलं, ते शोधत बसायची. मी म्हणायची, "मी चौथी शिकलेली बाई, मला काय कळतंय?" ती म्हणायची, "तुला न्हाई माय, तुझ्या हाताला कळतंय." एक दिवस तिनं स्वतःची कथा वाचली. माझा हात थांबला नाही. मुद्दाम थांबवता आला असता, पण तिनं लगेच ओळखलं असतं. कागदांची घडी घालत ती हसली, "अजून न्हाई जमलं. पुढच्या हळदीला बघ, तुझा हात थांबवतेच." त्याच वर्षी पावसाळ्यात ती तापानं गेली. आता हळद मोडताना माझा हात मधेच थांबतो, आणि शेजारी वाचणारं कोणी नसतं.