गुनवोरच्या बसमधला सातवा माणूस

गुनवोर हाउगे बावीस वर्षं खाडीकाठच्या रस्त्यावर बस चालवत होती. बुटकी, रुंद खांद्यांची, एकदा बोलायला लागली की समोरच्याची पाळीच येऊ न देणारी बाई. मेंढ्यांच्या गोठ्यात वाढलेली. हळवेपणा तिला कधी मानवलाच नाही.

त्या फेब्रुवारीत, भरदुपारी, पुलाअलीकडच्या वळणावर तिची बस बर्फावरून घसरली, कठडा तोडून खाली गेली आणि खाडीच्या पाण्यात कुशीवर आडवी झाली. तिच्याशिवाय आत सात माणसं होती. गुनवोरने लाथा घालून छताची झडप उघडली आणि एकेकाला बाहेर ढकलायला सुरुवात केली. कोणी मागे राहू नये म्हणून ती मोठ्याने मोजत होती. "चार! पाच! सहा!"

सातवा आयविंद. दगडाच्या खाणीत काम करणारा, गावातला सगळ्यात दांडगा गडी. त्याचा सीटबेल्ट अडकला होता आणि पाणी छातीपर्यंत चढलं होतं. गुनवोरने चाकूने पट्टा कापला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. सगळे वाचले. आयविंदच्या मनगटावर नुसता एक ओरखडा.

चौथ्या दिवशी गुनवोर त्याच रस्त्यावर बस घेऊन गेली. "बाई नाही, कातळ आहे कातळ," लोक म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

आयविंद मात्र बसमध्ये पाय ठेवेना. नऊ किलोमीटर चालत खाणीत जायचा. पुढे खाणीतलं कामही सुटलं. गळ्याशी घट्ट बसणारा स्वेटरसुद्धा त्याला सोसेना. गावात कुजबुज सुरू झाली. एवढा धिप्पाड माणूस, साधं खरचटलंय, आणि घाबरून घरात बसलाय!

मार्चमध्ये तो तिला दुकानात दिसला. गुनवोरला राहवलं नाही.

"काय रे आयविंद, दुसरी बस आली रस्त्यावर. तू कधी येणार?"

दोघंतिघं हसले. आयविंदने हातातलं दूध फळीवर परत ठेवलं आणि निघून गेला. गुनवोर पण हसली होती. पण घरी पोचेपर्यंत ते हसू तिला टोचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती गरम वॅफल्स घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आत घेतोस की इथंच गार करू हे?"

त्याने कॉफी ठेवली.  मग म्हणाला, "तू मोजत होतीस ना, तेव्हा बाहेर किती गेले ते तुला कळत होतं. मला फक्त पाणी किती चढलं ते कळत होतं."

"अरे, मी येतच होते की!"

"ते मला कुठे माहीत? सहा म्हणालीस आणि गप्प झालीस. मला वाटलं, संपलं मोजून."

 अपघाताच्या संध्याकाळी आपण शेजारच्या आस्लेगच्या स्वयंपाकघरात बसून ती हकिगत चार वेळा सांगितली, रडलो, हसलो, सूप प्यायलो, हे गुनवोरला आठवलं.

"तू त्या दिवशी घरी येऊन काय केलंस?" तिने विचारलं.

"कपडे बदलले. मांजराला खायला घातलं."

"कुणाला सांगितलंस?"

"आत्ता तुला."

खाडीतून काढलेली मोडकी बस अजून डेपोच्या आवारात पडून होती. रविवारी गुनवोर एकटीच तिथे गेली. डेपोत काम करणाऱ्या हालवार्डने ती आता सरळ उभी करून ठेवली होती. ती आयविंदच्या बाकावर बसली, कापलेल्या पट्ट्याऐवजी हालवार्डला दोर आवळायला लावला आणि डोळे मिटले. मिनिटभरात तिचे तळवे घामाने भिजले.

"सोड! सोड म्हणते ना!"

"कातळाला काय झालं?" हालवार्ड हसत म्हणाला.

"कातळ कसला! त्या दिवशी माझ्या हाताला काम होतं, एवढंच."

तिने हे आयविंदला जसंच्या तसं सांगितलं. तो तालुक्याच्या गावी एका मानसोपचाराच्या बाईंकडे दर मंगळवारी जाऊ लागला. गुनवोर स्वतःच्या गाडीतून न्यायची आणि जाताना, नवलच म्हणायचं, त्याला बोलू द्यायची. त्या बाईंच्या सल्ल्याने मोडक्या बसकडेही ते जायला लागले. पहिल्या दिवशी तो पायरीवरूनच परतला. तिसऱ्या खेपेला बाकावर बसला. पाचव्या खेपेला त्याने स्वतःला नवा पट्टा बांधला, स्वतःच्या हाताने तो कापला आणि छताच्या झडपेतून बाहेर येऊन टपावर बसला. लालबुंद, धापा टाकत.

"अजून एकदा," तो म्हणाला.

मेमध्ये तो तिच्या बसमध्ये चढला. खिशात छोटा चाकू. पुलाच्या वळणावर त्याने समोरची दांडी घट्ट धरली आणि वळण सरलं तशी सोडली. त्या उन्हाळ्यात त्याचं खाणीतलं काम पुन्हा सुरू झालं. घट्ट गळ्याचे स्वेटर मात्र त्याने कायमचे देऊन टाकले.

शरदात डेपोत दोन नवे चालक शिकायला आले तेव्हा गुनवोर त्याला सोबत घेऊन गेली. दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस तिथे अर्धा तास बोलला.

"आणि पट्टा लवकर कापलाच गेला नाही तर?" त्यांच्यातल्या मुलीने विचारलं.

"तर बोलत राहा. अडकलेल्याला नावाने हाक मार. काहीही बोल. हिने मला त्या दिवशी हवामान सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तेही कुठे धड होतं!" गुनवोर म्हणाली, आणि सगळ्यांत आधी आयविंदच हसला.