खालच्या वस्तीला गाडी जाते

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला आमचा पिकअप थांबला तेव्हा शेजारचा रिक्षावाला मान वर करून बघतच राहिला. "ताई, हिमालयात चाललाय का?" मी म्हटलं, करमाळा तालुक्यात चाललोय. तो हसला. मला हसू आलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका वस्तीवर पोचायला अशी गाडी बनवावी लागते, ही गोष्ट विनोदाची नाही, संतापाची आहे. पण सकाळ छान होती, मागे पाण्याचा कॅन, पहार, फावडी खडखडत होती आणि गाडी चालवणारा श्रीनिवास शीळ घालत होता, म्हणून संताप जरा बाजूला ठेवला.

खालची वस्ती उजनीच्या फुगवट्याला (धरणाच्या भिंतीमागे पसरलेलं पाणी) लागून आहे. धरण भरलेलं असलं की होडी थेट वस्तीच्या काठाला लागते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि जिथे पाणी होतं तिथे गाळ उरतो. होडी काठाला येत नाही, गाडी काठापर्यंत जात नाही. या महिन्यांत गरोदर बायकांच्या तपासणीची सरकारी गाडीही वस्तीवर जात नाही. आम्ही विचारलं, अर्ज दिले, आरोग्य कार्यालयासमोर बसलो. उत्तर एकच: वाहन जात नाही. मग वस्तीवरून अश्विनी नावाच्या मुलीचा आवाज आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाच्या फोनवर आला, कुणीतरी रेंजमध्ये जाऊन पाठवलेला: "आमच्याकडं गाडी येत न्हाय, ताई. पाय लई सुजल्यात. कुणाला दाखवू?" पहिलटकरीण, सातवा महिना, आणि होडी बंद झाल्यापासून एकही तपासणी नाही.

वाहन जात नाही काय? मग जाणारं वाहन बनवू, असं आम्ही ठरवलं. पत्रकाचा मथळासुद्धा मी आधीच लिहून ठेवला: खालच्या वस्तीला गाडी जाते.

पिकअप जुना होता, पण चारही चाकांना ओढ (फोर-व्हील ड्राइव्ह) होती. श्रीनिवासच्या घरचा यंत्रमागाचा कारखाना बंद पडलाय. त्या शेडमध्ये आम्ही तो उभा केला आणि खाजाभाई मेस्त्रींना बोलावलं. पाट्यांमध्ये (चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांत) जादा पान घालून गाडी उचलली. खोल खाचांचे मोठे टायर बसवले. इंजिनाला हवा घेणारा पाइप बोनेटच्या बाजूने टपापर्यंत नेला, म्हणजे चाकं पाण्यात बुडाली तरी इंजिनाच्या नाकात पाणी जाऊ नये. पोटाखाली जाड पत्रा मारला. टपावर लोखंडी चौकट आणि तिच्यावर आमचा भोंगा. खाजाभाई प्रत्येक वेळी कुरकुरायचे, "इत्ता ऊंचा कैकू करते बेटी? गाडी है, ऊंट नको बनाव." मी त्यांना फुगवट्यातल्या गाळावर छोटं भाषण द्यायचे. ते ऐकून घ्यायचे आणि पान्याने काम सुरू ठेवायचे.

मोहोळपर्यंत हायवेच्या दोन्हीकडे ऊस आणि ऊन. एका टपरीवर थांबून कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी खाल्ली. मी खात होते तेव्हा श्रीनिवास गाडीखाली होता. ही त्याची सवय आहे. कुठेही थांबलो की आधी चारही चाकांच्या मधोमध हात लावून बघायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं, तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. त्याची आई त्याला तेलुगूत रागावते, की घरातल्या माणसांच्या कपाळाला असा हात कधी लावत नाहीस. मला मात्र ही सवय आवडते. आपल्या सार्वजनिक वाहनांना कोणी एवढा हात लावला असता, तर निम्मी पत्रकं मला लिहावी लागली नसती.

टेंभुर्णीला हायवे सोडला आणि केमच्या अलीकडे रेल्वेखालच्या बोगद्याशी आमचा पहिला पराभव झाला. आत शिरण्याआधी उंचीचा लोखंडी आडवा बार असतो. त्याला टपावरचा भोंगा ठाणकन धडकला आणि गाडी तिथेच अडकली. मागे दुधाच्या किटल्या लावलेला मोटरसायकलवाला, त्याच्यामागे ट्रॅक्टर. बोगदे इतके बुटके का बांधतात, यावर मी तिथल्या तिथे बोलायला लागले. दूधवाल्याने शांतपणे विचारलं, "भाषण झालं की भोंगा काडताय, का आधी काडताय?" ट्रॅक्टरवाला पोट धरून हसला. भोंगा काढला, तरी चौकट बोटभर अडतच होती. शेवटी श्रीनिवासने चारही टायरांची हवा कमी केली, गाडी खाली बसली आणि आम्ही मान आत घेऊन पलीकडे गेलो. गाळात टायर मऊच लागतात, म्हणून हवा पुन्हा भरली नाही. पराभवातला एवढा फायदा आम्ही पदरात पाडून घेतला.

केममध्ये कुंकवाचे कारखाने आहेत. रस्त्याकडेला वाळत घातलेली पोती, लाल झालेले उंबरे, लाल झालेले हात. तिथून पुढे डांबर अरुंद होत गेलं. उसामागून केळीच्या बागा आल्या, काळे पाइप रस्ता ओलांडून पाण्याकडे जाऊ लागले, आणि मोटारींचा एकसारखा घूं घूं आवाज. मग एकदम समोर उजाड, करडा, भेगाळलेला पट्टा, आणि त्याच्या टोकाला चकाकणारं पाणी. पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे होते. त्यांना बघायला पुण्याकडून गाड्या भरून माणसं येतात. पलीकडच्या काठावर त्यांच्यासाठी थेट पाण्यापर्यंत मुरूम टाकलाय, हेही इथे नोंदवते.

गाळ वरून वाळलेला दिसतो, आतून लोण्यासारखा असतो. श्रीनिवासने चारही चाकांची ओढ लावली आणि एका संथ चालीने गाडी आत घातली. मध्ये थांबायचं नाही, वेग वाढवायचा नाही, स्टेअरिंगशी भांडायचं नाही, हे त्याने मला बजावून सांगितलं होतं, जणू गाडी मीच चालवत होते. मी खिडकीतून व्हिडिओ काढत होते. मधल्या ओढ्यात चाकं बुडाली, पाणी दाराला लागलं, गाडी एकदा घसरली, आणि मग पुढची चाकं कडेवर चढली. वस्तीवरची माणसं उभी राहून बघत होती. कुणीतरी शिट्टी वाजवली. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी आपण मोठं काम केलं असं वाटलं.

वस्ती म्हणजे दहा-बारा घरं. थोडी केळी, थोडी मासेमारी. अश्विनीची सासू पारूबाई आम्हाला सरळ चुलीपाशी घेऊन गेली. चिलापीचं (फुगवट्यात मिळणारा मासा) लालभडक कालवण आणि बाजरीची भाकरी. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोनदा वाढून घेतलं. अश्विनी दाराशी पाय पसरून बसली होती. पाय इतके सुजले होते की पैंजण काढून ठेवले होते. ती हसून बोलत होती, पण हसताना कपाळ दाबत होती.

वस्तीवर फोनला रेंज नाही. पिकअपच्या टपावर चढलं की येते. मी चढले आणि व्हिडिओ कार्यालयातल्या साहेबांना पाठवला. खाली लिहिलं, "खालच्या वस्तीला गाडी जाते. आता आपली गाडी पाठवा." उत्तर लगेच आलं. मी ते खाली जमलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं: "आपले अभिनंदन. आपले वाहन जात असल्याने सदर पेशंटला आपल्याच वाहनातून आणावे."

मग पारूबाई म्हणाली, "म्हंजे त्यांची गाडी येत न्हाई, आन् तुमची आली म्हणून आता त्यांची यायचीच न्हाई. लई झ्याक काम केलंत की." सगळी वस्ती हसली. मी टपावर उभी होते, त्यामुळे लपायलाही जागा नव्हती.

अश्विनी उठून गाडीपाशी आली. तिने दाराचं हँडल धरलं. गाडीचा उंबरा तिच्या छातीला येत होता. तिने एक पाय उचलून पाहिला, परत खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, हितं पाय कुटं ठेवायचा?"

आम्ही गाडीला नाक लावलं होतं, पोटाला पत्रा लावला होता, डोक्यावर भोंगा लावला होता. पायरी लावली नव्हती. गाडी बनवताना आम्ही गाळाचा विचार केला, दगडांचा केला, पाण्याचा केला. जिच्यासाठी बनवली तिचा केला नाही. श्रीनिवास गाडीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

तिला अंदाजाने गाडीत घालून धक्के खात न्यायचं की आधी कुणाला तरी आणून दाखवायचं? श्रीनिवास म्हणाला, आधी सिस्टर आणू. डांबरी रस्त्यावरच्या गावात उपकेंद्र आहे. गाळ तुडवून आम्ही परत गेलो. घाडगे सिस्टर डबा खात होत्या. सगळं ऐकून त्यांनी डबा झाकला आणि दाब बघायचं यंत्र पिशवीत घातलं. मागच्या उन्हाळ्यात त्या चालत निघाल्या होत्या आणि चप्पल गाळातच सोडून माघारी आल्या होत्या. गाडीपाशी आल्यावर त्यांनी उंची बघितली आणि मला म्हणाल्या, "तू मागनं ढकल. लाजू नकोस, मीही लाजत न्हाई." मी ढकललं. बाई दणकट होत्या, दोघी एकदमच आत पडलो.

सिस्टरांनी अश्विनीचा दाब बघितला. मग पुन्हा बघितला. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे येतात का, असं हळू आवाजात विचारलं. ती व्हय व्हय म्हणत गेली. सिस्टर बाहेर येऊन आम्हाला एवढंच म्हणाल्या, "हिला आजच दवाखान्यात न्यायचं. उद्या न्हाई." मग मी टपावरून हात देऊन त्यांना वर ओढलं; त्यांनी तपासणीच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि गाळाच्या कडेला येऊन थांबायला सांगितलं. तो काहीतरी कारण सांगत असावा. सिस्टर म्हणाल्या, "वस्तीवर येऊ नको. डांबरावर तर येशील का न्हाई?"

केळीचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचून वस्तीने पायरी केली. पारूबाईने सोलापुरी चादरीच्या घड्या घालून सीट मऊ केली. श्रीनिवासने टायरांची हवा आणखी कमी केली, कारण टायर मऊ असले की धक्के कमी बसतात. गाडी माणसाच्या चालीने निघाली. मी पुढे चालत काठीने गाळ चाचपत होते, मागे वस्तीतले सातआठ जण.

ओढ्यात गाडी बसली. येताना चालीच्या जोरावर निघाली होती, आता जोर करता येत नव्हता. श्रीनिवासने एकदाही इंजिन ओरडू दिलं नाही. शेडमधून आणलेले मागाचे जुने पट्टे आम्ही चाकांखाली अंथरले. चेन-पुली काठावरच्या बाभळीला बांधली, आणि सगळे ओढायला लागलो. आतून सिस्टरांचा आवाज येत होता. त्या अश्विनीला बाळाचं नाव काय ठेवणार ते विचारत होत्या आणि तिने सांगितलेलं प्रत्येक नाव नापास करत होत्या. गाडी इंच इंच वर आली. डांबरावर तपासणीची गाडी उभी होती. अश्विनीला खाली घेताना तिच्या ड्रायव्हरने स्वतः हात दिला. अश्विनी, पारूबाई आणि सिस्टर गेल्या.

मी गुडघ्यापर्यंत गाळात तिथेच बसले. अश्विनीचं काम झालं होतं आणि साहेबांचंही. पेशंट आमच्याच वाहनातून आणला होता.

म्हणून परतताना आम्ही गाडी न धुता सरळ कार्यालयाच्या आवारात नेली. साहेब सभ्य माणूस. बाहेर आले, अभिनंदन केलं, गाडी फार छान बनवलीय म्हणाले. मी दार उघडून म्हटलं, बसा ना साहेब, वस्तीवर जाऊन येऊ. ते दोन पावलं पुढे आले, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "यात चढायचं कसं?"

"पेशंटला यातूनच आणा, असं तुम्हीच कळवलंय, साहेब."

आवारातला शिपाई तोंड फिरवून खोकला. साहेबांनी वाकून गाळाने भरलेली चाकं बघितली. मग म्हणाले, स्वतः येऊन ओढा बघतो, आणि तोवर तपासणीची सरकारी गाडी दर आठवड्याला डांबराच्या टोकाला येईल, सिस्टरांना घेऊन. मी ते लेखी मागितलं. त्यांनी उद्या देतो म्हटलं. उद्या मी तिथेच असेन.

सोलापूरला पोचल्यावर श्रीनिवास गाडीखाली गेला. गाळ वाळून सिमेंटसारखा झाला होता. ब्रेक धुतले, ग्रीस भरलं, मागच्या ओढीच्या पेटीतलं (डिफरन्शियलमधलं) तेल काढलं तर ते ताकासारखं पांढरं, म्हणजे आत पाणी गेलेलं. तेही बदललं. मी मथळा खोडला. गाडी जाते, हे खरं होतं. रस्ता नाही, हे त्याहून खरं होतं, आणि पहिल्या खऱ्याने दुसरं झाकलं गेलं होतं.

पायरीवरून मात्र गटात भांडण झालं. श्रीनिवास म्हणे, आजच लावू. मी म्हणे, नाही. पायरी लावली की ही गाडी कायमची कार्यालयाची सोय होईल. रस्ता होईपर्यंत गाडी अशीच, बिनपायरीची, दारोदार दाखवत फिरवू. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, आजही चुकीचं वाटत नाही. वाद चालू असतानाच दवाखान्यातून अश्विनीचा फोन आला. दाब उतरायला लागला होता, बाळ व्यवस्थित होतं, पण बाळंतपणापर्यंत तिथेच राहायचं होतं. आम्ही कशावरून भांडतोय ते तिने विचारलं, म्हणून सांगितलं.

"पायरी लावा की, ताई," ती म्हणाली. "बाळाला घिऊन घरी जायचंय मला."

लावली. दोन्ही बाजूंना.